शेळीने पास केलेली बाग

आमच्या धाराशिवात बागेत काय राहील आणि काय जाईल, ते माळी ठरवत नाही, शेळी ठरवते. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, पण ही काळीभोर बाई अजून उस्मानाबादीच आहे. तिला ना राजपत्र लागू, ना कुंपण. नर्सरीतून आणलेली जास्वंद तिने बुडापर्यंत खाल्ली, गुलाब काट्यांसकट. तरवडाला मात्र नुसतं हुंगून पुढे गेली. बालाघाटाच्या मुरमाड उतारांवर तरवड एवढा का माजतो, त्याचं निम्मं उत्तर मला फाटकातच मिळालं. उरलेलं निम्मं असं, की त्याला पाण्याचंही फारसं कौतुक नाही.

मग मी माळावरून वाळल्या शेंगा आणल्या आणि अंगणभर तरवडच लावला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “भाऊ, रान सोडून आम्ही इथं प्लॉट घेतला, अन् तुम्ही रानच दारात आणून ठिवलं व्हय!”

पिवळीजर्द फुलं आली, पाठोपाठ भुंगे आले. या फुलात मध नाही, नुसते पराग. तेही परागकोशाच्या टोकाशी असलेल्या बारीक भोकाआड कोंडलेले. भुंगा फूल गच्च धरतो आणि देवी अंगात आल्यासारखा घुमतो. त्या थरथरीने पराग भसकन त्याच्या पोटावर सांडतात. मधमाशीला हे घुमणं जमत नाही. ती सांडलवंड वेचते. तुळजापूर जवळच असल्यामुळे आम्हाला भुंग्याच्या या घुमण्याचं फारसं नवल वाटलं नाही. भुंग्याला संबळ लागत नाही, एवढंच.

नवरात्रात घटाला तरवडाची माळ लागते. पहिल्या माळेला काकूंनी विचारून फुलं तोडली. तिसऱ्या माळेपासून विचारणं बंद झालं, आणि पाचव्या माळेला “औंदा फुलं कमीच हायत” अशी तक्रार आली.

अंगणात रुईही आहे, पण ती मी लावलेली नाही. तिचं बी म्हातारी होऊन उडत आलं आणि नळाशेजारी रुजलं. तिच्यावर बिबळ्या कडवा हे फुलपाखरू अंडी घालतं. अळ्या ती विषारी पानं खाऊन स्वतःच कडू होतात, मग पाखरं त्यांच्या वाटेला जात नाहीत. गल्लीतले एक काका दर शनिवारी मारुतीच्या माळेसाठी रुईची पानं नेतात. एका शनिवारी माळेत एक पट्ट्यापट्ट्यांची अळीही गेली. पुजारीबुवांनी ती पाहिली आणि मारुती ब्रह्मचारी असल्याची आठवण देऊन माळ परत केली. काका तसेच माझ्याकडे आले. अळीसकट माळ माझ्या हातात ठेवत म्हणाले,

“भाऊ, तुमची जनावरं जरा बांधून ठिवत जा.”