स्वमत लिहा (गुण ४)

अकरावी सायन्सला मराठी शिकवणाऱ्या बाईबद्दल लोकांना सहानुभूती वाटते, आदर नाही. हुशार पोरं मराठीऐवजी आयटी घेतात, कारण तिथे मार्क पडतात. माझ्या वाट्याला येतात ती आयटीची सीट हुकलेली. अशा मंडळींशी मी शुक्रवारच्या शेवटच्या तासाला पुस्तकाबाहेरच्या कादंबऱ्यांवर बोलते. फिजिक्सचे सर दर शुक्रवारी 'तुमचं काय चाललेलंच असतं' असं म्हणून तो तास मागायला येतात. मी देत नाही.

पहिला प्रश्न ठरलेला : "मॅडम, हे परीक्षेला आहे?"

नाही म्हटलं की अर्धा वर्ग डोकं बाकावर टेकतो आणि उरलेला खरं बोलायला लागतो. कृतिपत्रिकेत 'स्वमत लिहा' असा प्रश्न असतो. अख्ख्या वर्गाचं स्वमत स्वल्पविरामासकट एकच भरतं, कारण सगळ्यांनी ते एकाच गाईडमधून पाठ केलेलं असतं. बिनमार्कांचं मत मात्र ज्याचं त्याचं असतं.

माडगूळकरांची 'बनगरवाडी' घेतली होती. १९५५ सालची कादंबरी. औंध संस्थानातल्या धनगरवस्तीवर एक कोवळा मास्तर येतो, शाळा चालवतो, तालीम उभी करतो आणि शेवटी दुष्काळात वस्तीच उठून जाते. रिवाजाप्रमाणे फळ्यावर 'माणूस विरुद्ध निसर्ग' असं लिहिलं गेलं. खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "विरुद्ध कशाला, मॅडम? चारा संपला की उठायचं. आमचे आजोबा दर वर्षी दिवाळीनंतर उठतात."

मग अर्धा तास वर्ग तिचा होता. घोड्यावर बिऱ्हाड कसं लादतात, त्याच घोड्यावर कोंबड्या आणि धाकटं पोर कसं बसवतात, रात्री वाघर लावून मेंढरं कशी कोंडतात. शेतकरी आपल्या रानात कळप बसवून घेतो, सकाळपर्यंत लेंडीखत पडतं, त्याचे दाणे नाहीतर पैसे मिळतात. "एका रात्रीचे किती?" पोरांनी लगेच विचारलं. डोकं टेकलेले दोघे उठून बसले. तेवढ्यात एकाची वेगळीच शंका : "मॅडम, त्या मास्तरचा पगार वेळेवर व्हायचा का?" त्याचे वडील विनाअनुदानित शाळेत आहेत. कादंबरीचं आशयसूत्र त्याला तिथे सापडलं होतं.

'कोसला'बद्दल पालकांना धास्ती असते. खानदेशातला पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला येतो, बापाचा पैसा उडवतो आणि हात हलवत गावी परततो, पोरं बिघडतील! पोरं कसली बिघडतायत, ती पांडुरंगावर त्याच्या वडिलांपेक्षा जास्त भडकली होती. "मेसचा कारभार अंगावर घ्यायचाच कशाला?" "आणि घेतला तर हिशेब ठेवायचा, जीपेचे स्क्रीनशॉट ठेवायचे." नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ साली आली, तेव्हा जीपे नव्हतं, एवढंच मी त्याच्या बचावात बोलू शकले.

त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या आजारात जाते, तिथे मात्र शेरेबाजी थांबली. "लस नव्हती का?" एकीनं विचारलं. होती की. आपल्याकडची पहिली लस मुंबईत १८०२ साली एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली होती. तिनं वहीच्या मागच्या पानावर वजाबाकी केली. "म्हणजे मुंबईहून खानदेशात यायला दीडशे वर्षं? एसटीसुद्धा एवढा वेळ लावत नाही." अस्तित्ववादावर माझ्याकडे दोन पानांच्या नोट्स होत्या. त्या पर्समध्येच राहिल्या.

आणि मग 'ययाति'. खांडेकरांची १९५९ची कादंबरी. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते त्यांना, १९७४चं. गाईडच्या मते हिच्यातून भोगवादावर प्रकाश पडतो. वर्गात प्रकाश पडला तो देवयानीवर. "नवऱ्यानं चोरून दुसरा संसार मांडला आणि अहंकारी ती?" मुलींनी एकमुखानं विचारलं. मुलांनी शर्मिष्ठेची बाजू घेऊन पाहिली, पण तिला दासी कोणी केलं या मुद्द्यावर मुलींमध्येच जुंपली आणि मुलं सुखरूप सुटली.

शेवटी मी पुरूवर आले. बापाची हौस फिटली नाही म्हणून मुलानं त्याला आपलं तारुण्य द्यावं, हे कितपत पटतं?

दुसऱ्या बाकावरचा एक जण एरवी तोंड उघडत नाही. तो म्हणाला, "मॅडम, यात विशेष काय? पप्पांना इंजिनिअर व्हायचं होतं, ते राहून गेलं. म्हणून मी सकाळी सहाला जेईईच्या क्लासला असतो."

वर्गात जो गलका उठला, तो ऐकून शेजारच्या वर्गातले फिजिक्सचे सर दारात येऊन उभे राहिले. त्यांच्यासमोरच कोणीतरी ओरडलं, "ययातीनं परत तरी दिलं रे!"

"पप्पापण देणारेत," तो शांतपणे म्हणाला. "दोन वर्षांनी. ड्रॉप घ्यावा लागला तर तीन."

पालकसभेला त्याचे पप्पा आले. सज्जन गृहस्थ, हातात क्लासची फाइल. "मराठीत कसा आहे?" म्हणाले. मी म्हटलं, छान आहे, 'ययाति'वर तर वर्गात फार नेमकं बोलला. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"वा! आम्हीही वाचलीय कॉलेजात. काय तो पुरू! असा मुलगा मिळायला भाग्य लागतं हो, मॅडम."