हेतुपुरस्सर

'मुद्दाम' हा शब्द वऱ्हाडात दोन तोंडांनी बोलतो: पाहुणा 'मुद्दाम आलो' म्हणाला की ओसरीवर सतरंजी पडते, आणि शेजाऱ्याने मुद्दाम धुरा कोरला असे कानी आले की प्रकरण दिवाणी न्यायालयात जाते. कचेरीच्या उंबऱ्याशी मात्र त्यास जोडे काढून 'हेतुपुरस्सर' या सोवळ्या वेषात आत जावे लागते, आणि तेथेही त्याची नेमणूक केवळ नकारापुरती असते. 'सदर प्रकरणी हेतुपुरस्सर विलंब झालेला नाही' या खुलाशावाचून त्याचा अन्य उपयोग निदान माझ्या पाहण्यात नाही.

लोकांच्या तोंडी 'दप्तर दिरंगाई'चा म्हणून रूढ झालेल्या 2005 च्या अधिनियमाने नस्ती सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ एका मेजावर राहू नये असे बजावले, आणि जाणूनबुजून केलेल्या दिरंगाईस शिस्तभंगाची कारवाई लावली. तेव्हापासून नस्ती सातव्या दिवशी 'योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर' असा शेरा घेऊन इमानेइतबारे पुढच्या मेजावर जाते आणि 'त्रुटींच्या पूर्ततेस्तव' तितक्याच इमानाने परत येते.

वस्तुतः 1860 च्या दंडसंहितेने कलम 39 मध्ये 'जाणूनबुजून' कशास म्हणावे हा गुंता सोडविला होता. जबरी चोरी सुलभ व्हावी म्हणून रात्री वस्तीच्या घरास आग लावणाऱ्याच्या मनात कोणाचा जीव घेणे नसले, मागाहून त्यास हळहळ वाटली, तरी जीव जाण्याचा संभव ठाऊक असताना त्याने काडी ओढली असल्यास तो मृत्यू त्याने इच्छापूर्वक घडविलेला ठरतो. हा न्याय बारनिशीस लावण्याचे धाडस मात्र कोणी करू नये. नस्ती ढिगाच्या तळाशी ठेवणाऱ्यास ती तळाशीच राहील हे ठाऊक असते, असे म्हणणे म्हणजे त्याच्या बुद्धिमत्तेवर अकारण विश्वास टाकणे होय.

हेतू असला म्हणजे सरकार किती चपळ होते, हे खामगावाने पाहिले आहे. वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यावयाचा होता, तेव्हा 1870 साली जलंबहून खामगावापर्यंत रूळ आले, आणि त्यांचे उद्घाटन करावयास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, तेही मुद्दाम. तेच रूळ पुढे जालन्यास न्यावेत ही मागणी मात्र पारतंत्र्यातून स्वातंत्र्यात आली, आणि निवेदने, मोर्चे व सर्वेक्षणे यांवर वाढली. हा विलंब हेतुपुरस्सर नाही, हे मला सर्वथा मान्य आहे. इतकी वर्षे एकच हेतू न विसरता धरून ठेवण्याची चिकाटी आमच्या कचेऱ्यांत असती, तर रूळ केव्हाच पडले असते.