काकांची मारुती नापास

मुलुंडच्या एका काकांची मारुती ८०० पीयूसीत नापास झाली आणि ही बातमी सोसायटीत लिफ्टपेक्षा लवकर वर पोचली. नापास? म्हणजे खरोखर नापास? तळमजल्यावरच्या आजींनी तर कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. हल्ली दहावीतसुद्धा कुणी सहजी नापास होत नाही, आणि पीयूसीत कधी कुणी झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

कारण आपली रीत ठरलेली आहे. पंपाच्या कोपऱ्यात व्हॅन उभी असते. व्हॅनवाला चहाचा ग्लास न ठेवता मोबाइलवर नंबरप्लेटचा फोटो काढतो, सव्वाशे रुपये घेतो आणि गाडी निर्मळ असल्याचा कागद देतो. इंजिन तापलेलं हवं, नळी सायलेन्सरमध्ये चांगली आतपर्यंत सरकवलेली हवी, हे सगळं नियमात आहे. तिथे ते सुखरूप राहतं. आपल्याकडे सगळेच असं करतात असा माझा आरोप नाही, उगाच कशाला. दिल्लीबद्दल मात्र कॅगनेच लिहून ठेवलंय की तिथे १ लाख ८ हजारांवर गाड्यांना मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडूनही प्रमाणपत्रं मिळाली. म्हणजे यंत्र ‘नाही’ म्हणत होतं आणि प्रिंटर ‘हो’ म्हणत होता.

काकांचं दुर्दैव असं, की त्यांना नळी खरोखर आत घालणारा पोरगा भेटला. “नवीन असेल बिचारा,” सेक्रेटरी म्हणाले, “शिकेल हळूहळू.”

गाडी १९९८ ची. कार्ब्युरेटरवाली, तीन सिलिंडर, ७९६ सीसी. कागदावर कार्बन मोनॉक्साइड ४.६ टक्के. एवढ्या जुन्या गाडीला ३ टक्क्यांची मुभा आहे. भारत स्टेज ४ च्या गाडीला फक्त ०.३. सरकारने म्हातारीला दसपट सवलत दिली होती, तीही तिला पुरली नाही. हायड्रोकार्बन मात्र १,१०० पीपीएम, म्हणजे १,५०० च्या आत. हा दुसरा आकडा कुणी वाचलाच नाही. सगळी मेख तिथेच होती, पण सोसायटीत निदान करायला आकडे कुठे लागतात?

दुसऱ्या मजल्याने सांगितलं, इथेनॉल. सध्या गुडघे दुखले तरी दुसरा मजला इथेनॉलच सांगतो. वास्तविक इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो; जुन्या कार्ब्युरेटरमध्ये त्याने मिश्रण थोडं पातळच होतं आणि मोनॉक्साइड उतरतो. त्याला दोष द्यायचाच तर जुन्या रबरी नळ्यांचा द्यावा. चौथ्या मजल्याने सांगितलं, इंजिनात कार्बन बसलाय, हायवेवर तासभर दाबून पळवा. ऑक्टोबर २०२४ पासून मुलुंड नाक्यावर छोट्या गाड्यांना टोल नाही, म्हणून काका उत्साहाने निघाले आणि माजिवड्याला तासभर पहिल्या गिअरमध्ये उभे राहिले. बाकीच्यांचं मत एकच: भंगारात द्या. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीच्या टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, तुमच्या मारुतीचं काय घेऊन बसलात? यावर काका दुखावले. पंधरा वर्षं उलटल्यापासून ते इमानेइतबारे पर्यावरण कर भरत आलेत. पर्यावरणाची उधारी आपण चुकती केली आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

पण गाडी सोडून चालणार नव्हतं. पीयूसी नसेल तर विम्याचं नूतनीकरण नाही, हा २०१७ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मागे घेतला खरा. पण आता होतं परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांचं ‘नो पीयूसी, नो फ्युएल’. शेवटी काका घाटकोपरच्या एका मेकॅनिककडे गेले आणि त्याने तो दुसरा आकडा वाचला.

“हायड्रोकार्बन ठीक आहे ना? मग स्पार्क ठीक आहे, रिंगा ठीक आहेत, मिस मारत नाही. पेट्रोल जळतंय, पण हवा कमी पडतेय.” प्लग काढला तर टोक काजळीने काळं. चोक पूर्ण उघडत होता. फ्लोटची पातळी बरोबर. मग त्याने खास आवाजात पर्याय सुचवला: मिक्स्चरचा स्क्रू थोडा आत घेतो, गाडी पास करून आणा, येताना परत खोलून देतो. उपनगरातल्या अनेक जुन्या इंजिनांचं चारित्र्य या स्क्रूवर टिकून आहे. काका नाही म्हणाले. तत्त्वाचा प्रश्न होता, शिवाय घाटकोपरला दोनदा यायचं म्हणजे एलबीएस मार्गावरून दोनदा यायचं.

मग त्याने एअर फिल्टरचं झाकण उघडलं.

आत कागदाच्या घड्या होत्या असं म्हणतात, दिसत नव्हत्या. वर राखाडी थर, तो सिमेंट-काँक्रीटच्या रस्त्यांचा. त्याखाली पिवळट, तो बहुधा वडाळा-कासारवडवली मेट्रोचा, जिच्या खांबांखालून काका कित्येक वर्षं भाजी आणायला जातात. सर्वांत खाली लालसर विटेचा चुरा, शेजारची इमारत पाडली तेव्हाचा. अख्ख्या एलबीएस मार्गाचा विकास त्या डब्यात बसला होता. कार्ब्युरेटरला त्यातून श्वास मिळेना, पेट्रोल मात्र ठरल्यासारखं येत राहिलं, आणि अर्धवट जळून मोनॉक्साइड होऊन बाहेर पडलं.

म्हणजे प्रकरण असं, की गाडीने शहराची धूळ वर्षभर गिळली आणि त्याबद्दल ती प्रदूषक ठरली. पेट्रोल गाडीच्या पीयूसीचं यंत्र मोनॉक्साइड विचारतं, हायड्रोकार्बन विचारतं; धूळ विचारतच नाही. विचारलं असतं तर गाडीला बक्षीस द्यावं लागलं असतं. धुळीसाठी महापालिकेचे ऑक्टोबर २०२३ चे वेगळे नियम आहेत: मोठ्या बांधकामांभोवती ३५ फूट उंच पत्रे, हिरवं कापड, पाण्याचे फवारे. पत्रे उभे राहिले, त्यांवर बिल्डरच्या जाहिराती आल्या, त्यांत निळं आकाश आलं. बांधकामात नळी घालून कागद देणारी व्हॅन अजून कुठल्या कोपऱ्यात दिसलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने हवेची दखल घेतली आणि निवृत्त आयएएस अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने काय तपासायचं, तर मुंबईत पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बंद करून फक्त सीएनजी आणि विजेवरच्या चालवता येतील का. विजेच्या गाडीला एअर फिल्टर लागत नाही, हे धुळीच्या दृष्टीने सोयीचंच.

नवा फिल्टर काही शेकड्यांत आला. त्याच व्हॅनवर, त्याच पोराने, पुन्हा नळी घातली: १.४ टक्के. पास. पोराचा चेहरा काकांपेक्षा जास्त उजळला. त्यानेही निकाल बदलताना पहिल्यांदाच पाहिला असावा.

जुना फिल्टर काकांनी पिशवीत घालून रविवारच्या सर्वसाधारण सभेत नेला आणि टेबलावर आपटला. पहिल्या दोन ओळी खोकल्या. धुळीविरुद्ध वॉर्ड ऑफिसला कडक पत्र पाठवायचं, असा ठराव एकमताने झाला. नंतर विषय क्रमांक दोन आला: आपली चार मजली इमारत पाडून तेवीस मजली टॉवर. सेक्रेटरींनी हात वर करायला सांगितले. सर्वांत आधी काकांचा हात वर गेला. टॉवरमध्ये त्यांना दोन पार्किंग मिळणार आहेत.