घट्ट नळी, सैल नेम

मराठी माणसाने भर मैदानात बंदूक खांद्याला लावून 'पुल!' अशी आरोळी ठोकली, की पुढे हशा पिकणार हे ठरलेलंच. पिकला.

मैदान ओहायोतलं, कोलंबस शहराबाहेरचं. 'पुल' म्हणजे 'सोडा कबूतर'. आता सत्तावन्नाव्या वर्षी, मधुमेहाच्या गोळ्या आणि दोन चष्मे सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्याला बंदुकीचं काय सुचलं, असं तुम्ही विचाराल. आमच्या हिने तर सकाळचा चहा गाळता गाळताच विचारलं होतं. कारण कोल्हापूर. 1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिकचं कांस्य मिळवलं आणि इकडे माझ्या अंगात संचार झाला. राधानगरीचं धरण मी पाहिलंय, तिथलं पाणी जिला मिळतं त्या नदीत मी पोहलोय, तेव्हा नेमबाजी माझ्याही रक्तात असणार, असा साधा सरळ हिशोब. पूर्वानुभव म्हणाल तर जोतिबाच्या जत्रेतले फुगे. त्यातला एकही मी फोडलेला नाही. फुगेवाल्याचा दिवा मात्र फोडला होता, त्याचे पैसे दादाने भरले.

बरं, स्वप्नीलची रायफल, तिची एकच गोळी, आणि समोर न हलता न डुलता उभं असलेलं लक्ष्य. मी उचलली ती छर्र्यांची दुनळी, आणि मारायची होती ती उडती तबकडी, तेच ते 'कबूतर'. कुणी बुद्धिबळात पदक आणलं म्हणून आपण कबड्डीत उतरावं, तसं.

दुनळी शेजारच्या आजोबांची. म्हणजे त्यांच्या वडिलांची. हे वडील ईरी सरोवराकाठच्या दलदलीत बदकं मारायचे. बदकं लांबून जातात, म्हणून तिच्या दोन्ही नळ्या 'फुल चोक', म्हणजे तोंडाशी आवळलेल्या. पुढे 1991 पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे मारायला बंदी आली. शिसं मऊ, त्याच्या जागी आलेलं पोलाद टणक, जुन्या आवळलेल्या नळीला ते सोसायचं नाही. बंदूक निवृत्त झाली. तबकड्यांना अजून शिसं चालतं, म्हणून आजोबांनी ती कारागिराकडून तपासून घेतली आणि माझा उत्साह बघून मला उसनी दिली. उत्साह बघून माणसाला काय द्यावं आणि काय देऊ नये, याचा अंदाज त्या वयातही चुकतो.

खेळाचं नाव स्कीट. हा मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी जन्मला. चार्ल्स डेव्हिस नावाच्या गृहस्थांनी शिकारीच्या सरावासाठी घड्याळाच्या काट्यांसारखं गोल फिरत तबकड्या मारायचा प्रकार काढला. बारा वाजल्यासारखा पूर्ण गोल होता तो. मग म्हणे शेजाऱ्याने कोंबड्या पाळल्या आणि छर्रे तिकडे जायला लागले, तेव्हा गोल अर्ध्यावर आणावा लागला. 1926 मध्ये नावासाठी शंभर डॉलरची स्पर्धा लागली आणि मोंटानाच्या गर्ट्रूड हर्लबट या बाईंनी 'स्कीट' सुचवून ती जिंकली. मला या इतिहासात सगळ्यात जवळच्या वाटल्या त्या कोंबड्या.

अर्धगोलाच्या दोन टोकांना दोन खोपटी, एक उंच, एक बुटकं. त्यातून डांबर आणि चुनखडीची, 108 मिलिमीटरची, चहाच्या बशीहून लहान तबकडी ताशी सत्तरेक किलोमीटर वेगाने सुटते. आठ जागांवरून मिळून पंचवीस बार. कानात बोळे, डोळ्यांना गॉगल, अंगात हजार खिशांचं जाकीट, असा सजून मी उभा राहिलो, आरोळी दिली, तबकडी गेली, मी तिच्याकडे बघितलं, मग बंदुकीकडे बघितलं, मग दोन्ही एका रेषेत आणायच्या नादात घोडा ओढला, दस्त्याने खांद्यावर अशी लाथ घातली की टोपी मागे आणि चष्मा पुढे गेला, आणि पलीकडच्या मेपलच्या झाडावरून दोन पानं गिरक्या घेत खाली आली. पंचवीसात दोन तबकड्या फुटल्या. त्यातली एक खोपट्यातूनच फुटलेली आली होती. ती धरत नाहीत.

रात्री खांद्यावर कैरीएवढं टेंगूळ आलं. हिने आंबेहळदीचा लेप लावला, एक शब्दही न बोलता. हिचं न बोलणं मला फार लागतं.

मी मात्र रात्रभर विचार करून दोष कुणाचा ते शोधून काढलं. बंदुकीचा. दुसऱ्या दिवशी आजोबांनी बंदूक उघडून, रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, खिशातला डाइम काढला. बारा बोअरच्या नळीच्या तोंडात हे दहा सेंटचं नाणं आत गेलं नाही, तर समजायचं फुल चोक. माझ्याही खिशात नाणं होतं, भारतातून परत येताना राहिलेला रुपया. मी तोच पुढे केला. तो कुठल्याच नळीत शिरेना. रुपयाचं अमेरिकेत हे नेहमीचंच.

चोक म्हणजे काय, तर बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी फाकण्याऐवजी लांब जातं ना, तसं. तोंडाशी नळी जेमतेम मिलिमीटरभर अरुंद. न्यूकॅसलच्या पेप नावाच्या बंदूकवाल्याने 1866 साली याचं पेटंट घेतलं. फुल चोकचं माप असं की चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात सत्तर टक्के छर्रे पडले पाहिजेत. चोक नसलेल्या नळीचे चाळीसच टक्के पडतात. बदकाला हे उत्तम. पण स्कीटची तबकडी मारायची वीसेक यार्डांवर, तिथे फुल चोकचे छर्रे फाकायलाच वेळ मिळत नाही, मुठीतच राहतात. नेम पक्का असेल तर तबकडीचा धूर, नाहीतर शुद्ध हवा. मी शुद्ध हवेवाला.

कारागीर म्हणाला, नळी कोरून चोक मोकळा करून देतो. आजोबांचा चेहरा असा झाला, जसा माझ्या आईचा तिच्या मोहनमाळेची मोड करू म्हटल्यावर व्हायचा. वडिलांची बंदूक, कोरायची नाही. मग उपाय उरला काडतुसाचा: 'स्प्रेडर'. साध्या काडतुसात छर्रे प्लास्टिकच्या पेल्यात बसून येतात, नळीच्या तोंडापर्यंत त्यांचा हात कुणी सोडत नाही. स्प्रेडर बनवणारे कुणी तो पेलाच काढून टाकतात, कुणी छर्र्यांच्या मधोमध प्लास्टिकची उभी फुली घालतात. बाहेर पडल्याबरोबर छर्रे चार दिशांना पांगतात आणि फुल चोक एकदम उदार होतो. दीडपट पैसे मोजून मी चार खोकी आणली. शंभर काडतुसं.

आता फुली म्हणजे नेमकी कशी, हे बघितल्याशिवाय मला झोप येणार होती का? काडतुसाचं तोंड मोदकासारखं कळ्या पाडून मिटलेलं असतं. मी ओट्यावर बसून उलथण्याच्या टोकाने एकेक कळी उचकटली. खाली दारू असते, तिच्या वाटेला गेलो नाही, इतपत शहाणपण होतं (तरी हा उद्योग करू नका, आजोबांनी नंतर मला शाळकरी पोरासारखं झापलं). शेवटची कळी उघडली, काडतूस सटकलं आणि नऊ नंबरचे छर्रे, एका औंसात 585 असतात, ओट्यावर, ओट्यावरून मिसळणाच्या उघड्या डब्यात आणि तिथून फरशीवर टणाटण उड्या मारत गेले. नऊ नंबरचा छर्रा दोन मिलिमीटरचा असतो. काळसर, गोल.

मोहरी कशी असते, तुम्हाला माहीत आहे.

मी वेचायला बसलो, दोन चष्मे एकावर एक चढवून. ही बाजारातून आली, डब्यात बघितलं, म्हणाली, "अहो, शिसं आहे ना हे?" आणि अख्खा डबा, आतल्या वाट्यांसकट, कचऱ्यात. त्या महिन्यात आमच्याकडे फोडणी नुसत्या जिऱ्याची झाली. फुली बाकी पाहून झाली. चांगली असते.

पुढच्या शनिवारी वीस यार्डांवर खाकी कागद ताणून आम्ही एक साधं आणि दोन स्प्रेडर मारून बघितली. साध्याचा चट्टा सोळाएक इंचांचा, मध्ये भोकांची नुसती गर्दी, जेवणाच्या ताटाएवढा. स्प्रेडरचा चांगला पंचवीस-सव्वीस इंच, लग्नातल्या परातीएवढा, आणि भोकं कशी पातळ, सगळीकडे शिंपडल्यासारखी. मला भरून आलं. ताटातून निसटणारी तबकडी परातीतून कुठे जाणार?

दुसऱ्या दिवशी रविवार, आजोबा चर्चला. स्कीटच्या मैदानावर स्पर्धा चालली होती, म्हणून मी शेजारच्या मैदानात शिरलो. तिथेही तबकड्याच उडत होत्या. तबकडी ती तबकडी. मी स्प्रेडर भरून 'पुल!' केलं. इथल्या तबकड्या आडव्या जात नव्हत्या, माझ्याकडे पाठ करून लांब लांब पळत होत्या, पण माणसंही माझ्यापासून तशीच जातात, म्हणून मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. पंचवीसात एक. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी जमिनीवरचं माझं रिकामं काडतूस उचललं, त्यावरची अक्षरं वाचली आणि फार वेळ गप्प राहिले. मग हळूच सांगितलं, की याला ट्रॅप म्हणतात. सोळा यार्ड मागे उभं राहायचं, बार निघेपर्यंत तबकडी तीस-पस्तीस यार्डांवर गेलेली असते, इतक्या लांब स्प्रेडरचे छर्रे इतके विरळ होतात की तबकडी त्यांच्यामधून सुखरूप निघून जाते. इथे घट्ट चोकच लागतो. "तुमच्या हातातली बंदूक," ते म्हणाले, "या मैदानासाठी अगदी योग्य होती." होती.

म्हणजे बघा, योग्य बंदूक घेऊन मी चुकीच्या मैदानात गेलो, मग पदरचे पैसे घालून ती त्या मैदानाजोगी करून घेतली, आणि लगेच तिला योग्य मैदानात नेली.

शेवटी एकदाचं सगळं जुळलं. स्कीटचं मैदान, स्प्रेडर काडतुसं, मागे आजोबा. पंचवीसात पाच. दोनाचे पाच झाले म्हणून मी पेढ्यांचा विचार करत होतो, तेवढ्यात आजोबांनी हिशोब मांडला. मधल्या जागेवरून तबकडीच्या पुढे चारेक फूट मारावं लागतं, कारण छर्रे पोचेपर्यंत ती तेवढी पुढे सरकते. मी घोडा ओढताना बंदूक थांबवतो, फुटली का बघायला. त्यामुळे माझा बार दर वेळी तबकडीच्या तीन फूट मागे, म्हणजे दोन हात. आणि स्प्रेडरने चट्टा वाढला तो एका बाजूला पाच इंच. धड वीतसुद्धा नाही. ज्याला दोन हात कमी पडतात त्याला पाच इंचांचं काय कौतुक?

"मी बघू का एकदा?" ही म्हणाली. ही आजवर डबे पोचवायच्या निमित्ताने येऊन बाकावर स्वेटर विणत बसायची. तिने बंदूक खांद्याला लावली, 'पुल' इतकं हळू म्हणाली की सोडणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं, आणि बंदूक न थांबवता सरळ फिरवत नेली, शेणाने सारवताना हात फिरतो तशी. पंचवीसात अकरा. आजोबांनी टोपी काढली. कसं जमलं विचारल्यावर म्हणाली, "सहा आठवडे बघतेय तुम्ही काय करता ते. ते सोडून बाकी सगळं केलं."

स्प्रेडरची बावीस काडतुसं उरली आहेत. ती आता हिच्या ताब्यात, कुलपात आहेत. कोल्हापूरहून दादाचा फोन आला की "काय रे, फुटतंय का काही?" असं विचारतो, आणि मी "सराव चाललाय" म्हणतो. तुमच्यापैकी कुणी दिवाळीत तिकडे जाणार असाल, तर भेटा त्याला जरूर, पण हा विषय तेवढा काढू नका. दिव्याचे पैसे अजून फिटलेले नाहीत.