समासातले ‘हे’

आमच्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट एकदाचं ठरलं आणि घरात एकच प्रश्न उरला. मधली तीन वर्षं राहायचं कुठं? बिल्डर भाडं देणार होता. माझं गणित सरळ होतं. भाडं घ्यायचं, ते बँकेत टाकायचं आणि राहायला कोथरूडला सासऱ्यांकडे जायचं. तीन खोल्या, माणसं दोन. हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “हे बाबांना तू सांगणार की मी?”

असा पेच पडला की माणसानं देवाकडे जावं म्हणतात. पण पुण्यात तेही सोपं नाही. या शहरानं देवांनाही नावं ठेवलेली आहेत. उपाशी विठोबापुढे उभं राहून ‘मला फुकट जेवूखाऊ घालणारी जागा मिळू दे’ असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? गणेश पेठेतल्या मारुतीला नावच डुल्या. तो ‘हो’ला डुलला की ‘नाही’ला, हे कोण सांगणार? शनिवार पेठेतला गणपती गुपचुप. सल्ला मागायला सगळ्यात गैरसोयीचा देव तोच. आणि सासऱ्यांच्या घराचा विषय खुन्या मुरलीधरासमोर काढणं मला बरं वाटेना. दगडूशेठला गेलो, तर प्रश्नातला ‘कोथरूड’ हा शब्द येईपर्यंत मागच्यांनी मला दानपेटीच्याही पुढं नेऊन सोडलं होतं.

मग पोथ्या. आमच्या सोसायटीत दुखण्यागणिक अध्याय ठरलेले आहेत, औषधाच्या दुकानात असावेत तसे. संकट असेल तर गुरुचरित्राचा चौदावा, पैशाची चणचण असेल तर अठरावा. अठराव्यात श्रीगुरू एका गरिबाच्या दारचा घेवड्याचा वेल उपटतात आणि त्याखाली धनाचा हंडा सापडतो. तळमजल्यावरच्या काकांनी खबरदारी म्हणून अध्यायाबरोबर गॅलरीतल्या कुंडीत घेवडाही लावला होता. शेंगा चांगल्या आल्या. भीती वाटली की रामरक्षा. ही मला आईनं दहावीच्या परीक्षेआधी आणि दाढ काढायच्या आधी, अशी दोनदा म्हणायला लावली होती. दाढेच्या वेळी गुण आला. पण ‘सासऱ्यांकडे राहावं का’ यावर कुणाकडेच अध्याय निघेना.

“आमच्याकडे देवाला कौल लावतात,” बायको म्हणाली. ती मूळची गुहागरकडची. “मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पाच मिनिटांत मोकळे. तुमच्यासारखं चर्चेत घालत नाहीत.”

आमच्याकडे पाकळ्या नव्हत्या, पण आईचा दासबोध होता. ती गेल्यापासून आठ वर्षं तो देवघराच्या वरच्या फळीवर लाल बासनात होता. दसऱ्याला खाली काढायचा, बासनावरूनच हळदकुंकू वाहायचं आणि पुन्हा वर. गाठ सोडायला मला नखं आणि दात दोन्ही लागले. आत कापराचा आणि डांबरगोळ्यांचा वास, कोपरे दुमडलेले, आणि खूण म्हणून घातलेलं पीएमटीचं एक तिकीट, ज्यावरची अक्षरं पार उडून गेली होती. मी हातपाय धुऊन बसलो, डोळे मिटले, प्रश्न मनात म्हटला, ग्रंथ उघडला आणि बोट ठेवलं.

दुसरा दशक, पहिला समास. मूर्खलक्षण.

बोटाखालच्या ओवीचा अर्थ असा की, दोघं बोलत बसलेली असताना जो तिसरा त्यांच्यात जाऊन बसतो आणि दोन्ही हातांनी डोकं खाजवतो, तो मूर्ख. आता यातून भाड्याचं काय समजायचं? मी प्रयत्न केला. दोघं म्हणजे सासू-सासरे, तिसरा म्हणजे मी. हे फारच सरळ लागत होतं, म्हणून सोडून दिलं आणि पुन्हा उघडला. पुन्हा मूर्खलक्षण. तिसऱ्यांदाही तेच. दासबोधात दशक 20, समास 200. एकच समास लागोपाठ तीनदा निघायचा संभव 40 हजारांत एक. मला तर घाम फुटला. सतराव्या शतकात सज्जनगडावर देह ठेवलेल्या माणसाला माझा पत्ता सापडला होता!

“पुस्तक तिथं पिचलंय,” बायको मागून म्हणाली. “बाइंडिंग बघ. कुणीतरी तेच पान वर्षानुवर्षं उघडलंय. कुठूनही सोड, तिथंच पडणार. पण तिसऱ्यांदा बोट कुठं ठेवलंयस ते तरी वाच.”

वाचलं. सासऱ्याच्या घरी मुक्काम ठोकणारा तो मूर्ख, असं तिथं स्वच्छ लिहिलं होतं.

“बोहल्यावरून पळून गेलेल्या माणसाला सासुरवाडीतलं काय कळतं?” मी म्हणालो.

“कळत होतं म्हणूनच पळाले.”

भाड्याच्या घराचा प्रश्न असा सुटला. (शेवटी धनकवडीला दोन खोल्या मिळाल्या. लिफ्ट नाही.) पण ग्रंथ लगेच बांधून ठेवावासा वाटेना, कारण पानाच्या समासात, म्हणजे कागदाच्या कडेच्या कोऱ्या जागेत, मला पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. आईचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. काही ओव्यांपुढे एकच शब्द: ‘हे’.

मी गहिवरलो. आई सातवी शिकलेली, पण किती मन लावून वाचत होती! ‘हे’ म्हणजे हे महत्त्वाचं, हे लक्षात ठेवायचं, हे आचरणात आणायचं. स्वतःची स्तुती करणाऱ्याच्या ओवीपुढे ‘हे’. डोकं खाजवणाऱ्यापुढे ‘हे’. मी बायकोला म्हणालो, “बघ, आत्मपरीक्षण याला म्हणतात.”

तिनं चष्मा लावला, चार पानं उलटली आणि ती जी हसत सुटली, ती पदर तोंडात धरून ओट्यापर्यंत गेली.

“अरे, हे म्हणजे हे नाही! हे म्हणजे *हे*! तुझे बाबा!”

आईच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेत नसत. ‘हे’ बाहेर गेलेत, ‘ह्यां’ना वांगं चालत नाही, एवढ्यावर बेचाळीस वर्षांचा संसार झाला. आता ‘हे’चा ‘हा’ झालाय. माझी बायको फोनवर मैत्रिणीला माझ्याबद्दल सांगताना ‘हा’ म्हणते, आणि त्या ‘हा’च्या मागे काय काय असतं ते मला दुसऱ्या खोलीतही ऐकू येतं.

मी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. अक्षरं गाळून आणि पदरची घालून वाचणाऱ्याची ओवी होती. तिथं ‘हे’खाली दोन रेघा. आणि मला गुरुवार आठवला. दर गुरुवारी संध्याकाळी बाबा आईला दासबोध वाचून दाखवत, कवळी काढून. ‘म्हणोनि’चं ‘म्होणी’ व्हायचं, कुठं अडले की स्वतःचाच एखादा शब्द दडपून द्यायचे. आई समोर हात जोडून, डोळे मिटून. आम्हा पोरांना वाटायचं, तिची समाधी लागलीय. ती बहुधा पेन्सिल कुठं ठेवली ते आठवत असावी.

बाबांना उलट उत्तर दिलेलं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. वाड्यातल्या बायका तिन्हीसांजेला ओट्यावर बसून नवऱ्यांची उणीदुणी काढत, त्यात ती नसायची. म्हणायची, “माझी पोथी राहिलीय.” पोथीहून उठायची तेव्हा चेहरा असा निवळलेला, की बाबा आम्हाला सांगायचे, बघा, ग्रंथाचा प्रभाव! मूर्खलक्षणाच्या समासात मी एकंदर सतरा ‘हे’ मोजले.

पुढचा समास उत्तम लक्षणांचा. तिथं एकच खूण सापडली. विचारपूस केल्याशिवाय वाटेला लागू नये, अशा अर्थाच्या ओवीपुढे. हे मात्र खरं होतं. लक्ष्मी रोडवरून कुमठेकर रस्त्याला जायला बाबा पाच जणांना विचारत. ही खूण खोडरबरानं पुसलेली होती. पाचांना विचारूनही त्या दिवशी चुकले असणार. पण उजेडात कागद तिरका धरला की अजून वाचता येते, इतपतच पुसलेली.

मूर्खलक्षणात शेवटाकडे आणखी एक ओवी आहे. ग्रंथ स्वतः वाचायचा नाही, दुसऱ्याला वाचू द्यायचा नाही, नुसता बांधून ठेवायचा, असं करणाऱ्याबद्दल. तिच्यापुढे आईनं काहीच लिहिलं नव्हतं. बाबा गाळून का होईना, वाचत होते.

काल सामानाची खोकी बांधायला घेतली. दासबोध वर्तमानपत्रात गुंडाळण्याआधी सहज सोडला, तर पडायचा तिथंच पडला. त्या शेवटाकडच्या ओवीपुढे ताज्या, टोक केलेल्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘हा’.