माळ्यावरचं हापिस : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

साहित्य : कोकणातलं एक कौलारू घर, त्याला माळा, घरून काम करू देणारी कंपनी आणि 'माझी ती ट्रंक कुठं गेली?' असं न विचारणारी वडीलधारी माणसं. शेवटचा जिन्नस कुठंच मिळत नाही, तेव्हा त्याच्यावाचून सुरुवात करा.

आधी माळा कोणाचा ते बघा. घर सामायिक असेल तर खोल्यांची वाटणी आजोबांच्या वेळीच भांडून झालेली असते. माळ्याची झालेली नसते, कारण तो कोणाला नकोच होता. तुम्ही वर टेबल चढवलंत की तो सगळ्या चुलत्यांना एकदम हवा होतो. म्हणून 'ऑफिस' हा शब्द तोंडातून काढू नका. 'पावसाआधी जरा माळा झाडून घेतो' एवढंच म्हणा. माळा झाडायला आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. हातभारही लावलेला नाही.

आता सामान. खरं काम हेच, बाकी सगळी सुतारकी. पितळी हंडे, फुटक्या काचेचे कंदील, कणगीचा सांगाडा, कुठल्याशा आत्याच्या लग्नातले पाट. प्रत्येक वस्तू खाली दाखवून 'टाकू का?' असं विचारायची चूक करू नका. उत्तर 'असू दे' असंच येतं. पाळण्यात वाढलेला माणूस पेन्शन घेत असतो, तरी पाळणा 'लागेल'. अनुभवी लोक विचारत नाहीत, टाकतही नाहीत; डावीकडचं उजवीकडे सरकवतात. एवढ्यानं आढ्याखाली टेबल-खुर्चीपुरती जागा निघते. तेवढी पुरे, कारण ताठ उभं राहता येतं ते तिथंच. पुढं छप्पर उतरत जातं आणि वासे तुमच्या कपाळाची वाट बघत असतात.

जमिनीच्या फळ्या हातोडीनं ठोकून बघा. खणखणीत वाजली तर बरी, भद्द वाजली तर वाळवी पोचलेली आहे. खुर्ची तुळईच्या वर येईल अशी मांडा. इन्व्हर्टरची बॅटरी खालीच ठेवा. ती पन्नास किलोच्या घरात जाते आणि खाली देवघर असतं.

उजेडासाठी एखादं कौल काढून काचेचं बसवतात. हौसेनं चार बसवू नका. एकाचाच कवडसा अकराच्या सुमारास बरोबर स्क्रीनवर येतो. मे महिन्यात सगळी गरम हवा आढ्याखाली जमते, म्हणजे नेमकी तुमच्या डोक्याशी. महत्त्वाच्या मीटिंगा सकाळीच उरका. यावर कोणी फॉल्स सीलिंग सुचवील. ऐकू नका. गळती कुठली ते कळेनासं होतं आणि उंदरांना स्वतंत्र मजला मिळतो.

रंग : नको.

शाकारणी मात्र मेअखेर झालीच पाहिजे. ती करणारा माणूस त्या महिन्यात अख्ख्या गावाला 'उद्या येतो' सांगत फिरतो. त्याला धरायचं तर पहाटे, त्याच्या अंगणात. जादा कौलं हाताशी ठेवा, पण कुठलीही नव्हे. बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला कारखाना काढल्यापासून मंगलोरी कौलं कितीतरी कारखान्यांनी पाडली आणि एकाची खाच दुसऱ्याला बसेलच असं नाही. कौल उलटं करून मागचं नाव वाचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळानं श्रीवर्धन-दापोलीकडं छपरं उडवली, तेव्हा मिळेनात म्हणून अनेकांनी पत्रे टाकले. तुमच्यावर पत्रा असेल तर जून ते सप्टेंबर कंपनीशी लेखी बोला. पत्र्यावर आषाढ कोसळत असताना साहेबाचं काय, स्वतःचंही ऐकू येत नाही.

हे सगळं जमलं की माळा तुमचा, गणेशचतुर्थीच्या आदल्या आठवड्यापर्यंत. मग मुंबईकर येतात, वर गाद्या पडतात, तुमच्या टेबलावर पत्त्यांचा डाव बसतो आणि चार्जिंगच्या पॉइंटवर पोरांची रांग लागते. भांडू नका. रजेचा अर्ज जुलैतच टाकून ठेवा.