निर्दोष संदर्भसूचीच्या बाजूने

प्रबंध वाचण्याची दगदग परीक्षकांना आता फारशी करावी लागत नाही, याबद्दल उच्च शिक्षणाची काळजी वाहणाऱ्या प्रत्येक नागरिकाने समाधान मानायला हवे. शेवटची पाने उघडावीत. आडनावापुढे स्वल्पविराम आहे का, वर्ष कंसात आहे का, ग्रंथाचे नाव तिरक्या टाइपात आहे का, नोंदीची दुसरी ओळ अर्धा इंच आत सरकली आहे का, एवढे पाहावे आणि सही करावी. विद्वत्ता मोजण्याचे इतके निःपक्षपाती माप आपल्याला पूर्वी कधी मिळाले नव्हते. युक्तिवाद पटला की नाही यावर दोन परीक्षकांचे भांडण होऊ शकते, पूर्णविरामावर होत नाही.

बहरीनमध्ये शिकणाऱ्या आपल्या मराठी मुलांना या मापाचा लाभ अधिक होतो, कारण या बेटाच्या इतिहासाची साधने स्वभावतःच शिस्तीत न बसणारी आहेत. ‘सिलेक्शन्स फ्रॉम द रेकॉर्ड्स ऑफ द बॉम्बे गव्हर्न्मेंट’ या मालेचा चोविसावा अंक पाहा. मुंबई सरकारने तो १८५६ साली छापला. संकलन आर. ह्यूजेस थॉमस यांचे. त्यात बहरीनच्या उतूब टोळ्यांचा इतिवृत्तांत फ्रान्सिस वॉर्डन यांचा, आणि पुढची भर हेनेल, केंबल, डिसब्रो या अधिकाऱ्यांची. १९८५ मध्ये हाच ग्रंथ ‘अरेबियन गल्फ इंटेलिजन्स’ या नावाने पुन्हा निघाला. आता लेखक कोण धरायचा, वॉर्डन की थॉमस की सरकार? वर्ष कोणते? एपीए या संदर्भपद्धतीचा नियम सांगतो की पुनर्मुद्रणाचा मजकुरात उल्लेख करताना दोन्ही वर्षे तिरकी रेघ देऊन लिहावीत, १८५६/१९८५. त्या तिरक्या रेघेसाठी विद्यार्थी रात्रभर जागतो आणि ती अचूक पडली की मार्गदर्शक पाठ थोपटतात. वॉर्डन मुंबईच्या कौन्सिलचा सभासद होता, ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाराला धोका कुठून आहे हे वरिष्ठांना सांगण्यासाठी लिहीत होता, मग उतूबांविषयीचे त्याचे म्हणणे किती मानायचे, असले प्रश्न काढून तरुण मनाचा उत्साह कोणी घालवत नाही. या प्रश्नासाठी सूचीत जागाच ठेवलेली नाही, ही रचनाकारांची दूरदृष्टी.

शिवाय प्रवासखर्च वाचतो. आखाताची ब्रिटिश रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होती. त्यामुळे बहरीनविषयीचा त्या काळचा बराच पत्रव्यवहार काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, महाराष्ट्राच्या पुराभिलेखागारात बांधून ठेवलेला आहे. मनामाहून मुंबईला विमानाने साधारण चार तास लागतात आणि मराठी घरातले मूल उन्हाळ्यात आजीकडे येतेच. पण तिथे जाऊन खंड मागवायचा, धूळ झटकायची, कारकुनाचे अक्षर लावायचे, एवढ्या खटाटोपाने नोंदीतला एक स्वल्पविरामही सुधारत नाही. दुसऱ्याच्या पुस्तकातली तळटीप तशीच उचलली तर दप्तराचा क्रमांक, खंड, वर्ष सगळे तयार मिळते. वि. का. राजवाडे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ गोळा करण्यासाठी वाड्यांच्या माळ्यांवर चढत गावोगाव हिंडले. पहिला खंड १८९८ मध्ये आला आणि एकूण बावीस झाले. त्यांना आजची तपासणी-समिती भेटली असती तर इतकी पायपीट टळली असती.

नियमांची चपळाईही वाखाणण्याजोगी आहे. एपीएच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत प्रकाशनाचे शहर न दिल्यास नोंद अपुरी ठरत असे. २०१९ मध्ये सातवी आवृत्ती आली आणि शहर देणे हीच चूक झाली. शिकागो या दुसऱ्या संदर्भपद्धतीनेही २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत शहर काढले. जुन्या पुस्तिकेवरून शिकलेल्या मुलाने ‘लंडन’ लिहिले की लाल शाई फिरते, आणि ज्ञान पुढे गेल्याची खात्री पटते.

आता मोत्यांकडे वळू. बहरीनचे मोती मुंबईच्या बाजारात येत आणि तिथून जगभर जात. १९३० च्या सुमारास जपानी संवर्धित मोत्यांनी आणि जागतिक मंदीने हा धंदा बसवला, १९३२ साली बहरीनमध्ये तेल लागले आणि पाणबुडे नोकरीला लागले. मुहर्रकमधल्या एखाद्या म्हाताऱ्याने वडिलांचे शब्द आठवून सांगितले, की नाखुद्याकडून घेतलेली उचल कशी चढत जाई आणि बापाचे कर्ज मुलाच्या डोक्यावर कसे येई, तर एपीएनुसार ते ‘वैयक्तिक संभाषण’ ठरते. मजकुरात नाव आणि तारीख द्यायची. सूचीत त्याला स्थान नाही, कारण वाचकाला ते पुन्हा शोधता येत नाही. त्याच गावाविषयी इंग्रज अधिकाऱ्याने ऐकीव लिहिलेली टिप्पणी मात्र फायलीत असते, फायलीला क्रमांक असतो, म्हणून ती सूचीत दिमाखाने बसते. म्हाताऱ्याने आपल्या अंगावर क्रमांक घालून घेतला नाही, याला पद्धत काय करणार?

या शिस्तीची खरी ताकद जगाने दुसरीकडे पाहिली आहे. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठी नमुन्याची नोंद छापली होती: व्हॅन डर गीर, हानराड्स आणि लप्टन, २०००, शास्त्रीय लेख लिहिण्याच्या कलेवरचा निबंध. असा निबंध कधी लिहिलाच गेला नव्हता. तरी अॅन-विल हार्झिंग यांनी २०१७ मध्ये या प्रकाराचा छडा लावला तेव्हा त्याला सुमारे ४०० ठिकाणी संदर्भ म्हणून मान मिळालेला होता. स्वल्पविराम सगळे जागच्या जागी होते. त्याआधी २००३ मध्ये सिम्किन आणि रॉयचौधरी यांनी छपाईच्या चुका कशा एका सूचीतून दुसरीत उतरतात ते मोजून अंदाज काढला होता, की संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम वीस टक्के मूळ लेख वाचतात. उरलेल्या ऐंशी टक्क्यांनी डोळे वाचवले. आता संगणकाला सांगितले की तो अस्तित्वात नसलेले लेख अचूक मांडणीत रचून देतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी असे बनावट निवाडे सादर केले आणि ५,००० डॉलर दंड झाला. विद्यापीठे न्यायालयांपेक्षा सहिष्णू असतात, हे आपले भाग्य.

संपादित ग्रंथाचेही असेच. ‘बहरीन थ्रू द एजेस’चा पुरातत्त्वाचा खंड १९८६ मध्ये आला, संपादक शेखा हया अली अल खलिफा आणि मायकल राइस. आत उत्खनन करणाऱ्यांचे वेगवेगळे लेख आहेत. नियम म्हणतो, आधी लेखाचा लेखक, मग संपादक, मग पृष्ठे. उन्हात टेकाडे खणणाऱ्याचे नाव वाचकापर्यंत पोहोचावे म्हणून कोणीतरी तो नियम केला होता. मुलांना तो ‘मार्क कापले जाऊ नयेत म्हणून’ असा शिकवला जातो. आणि सगळी चर्चा संपादिकेचे आडनाव ‘ए’खाली घालायचे की ‘के’खाली, इथे संपते.

शेवटची नोंद कॅप्टन ड्युरंड यांची. १८७९ मध्ये त्यांना बिलाद अल-कदीमच्या मशिदीत कोरीव कीलाक्षरांचा काळा दगड मिळाला. तो त्यांनी इंग्लंडला नेला आणि तिथे तो हरवला. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेला असे मानतात. त्या दगडाविषयी आज जे बोलायचे ते रॉयल एशियाटिक सोसायटीच्या १८८० च्या नियतकालिकातून. ड्युरंड यांचा अहवाल आणि त्याला जोडून हेन्री रॉलिन्सन यांच्या टिपा, अशी ती पाने आहेत. बहरीन म्हणजेच प्राचीन दिलमुन, हे प्रतिपादन टिपांमध्ये आहे, म्हणजे रॉलिन्सनचे. विद्यार्थ्याने ते बिनधास्त ‘ड्युरंड, १८८०’ म्हणून लिहिले तरी आडनाव बरोबर, वर्ष बरोबर, नियतकालिक तिरक्या टाइपात, खंड जागेवर. एक गुणही कापता येत नाही. दगड गेलेला असल्यामुळे ते विधान कोणी केले हे ठरवायला पाने उलटण्यावाचून दुसरा मार्ग नाही, आणि ‘पाने उलटली का’ असा रकाना तपासणीच्या तक्त्यात घालण्याची मागणी अजून एकाही समितीपुढे आलेली नाही.